भावसंधी : स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेसंबंधी काही विचार

मम्मटाने काव्यप्रकाशात भावोदय, भावशांती, भावसंधी आणि भावशबलता असे भावाचे चार प्रकार सांगितले आहेत. भाव उगवतो तो भावोदय आणि मावळतो ती भावशांती. सारख्याच जोराचे दोन भाव एकाच वेळी मनात समोरासमोर उभे राहिले म्हणजे भावसंधी. अनेक भाव एकापाठोपाठ येऊन आधीच्याला दाबत गेले म्हणजे भावशबलता. परीक्षेच्या दृष्टीने हा चार-पाच गुणांचा प्रश्न आहे. बुऱ्हाणपूरच्या महाविद्यालयात मराठीचा अध्यापक म्हणून तो मी तीसेक वर्षे शिकवला. मुले व्याख्या पाठ करीत, एखादे उदाहरण लिहीत आणि गुण मिळवीत.

या व्याख्यांची आज पुन्हा उजळणी करण्याचे कारण घरगुती आहे. माझ्या पत्नीला स्मृतिभ्रंशाचा विकार जडून आठ वर्षे होत आली. तिची शुश्रूषा मीच करतो. अशा शुश्रूषेत माणसाच्या मनाचे काय होते याविषयी आपल्याकडे फार थोडे आणि फार गोड लिहिले जाते. 'सेवा', 'त्याग', 'सात जन्मांची साथ' असे शब्द वापरले की विषय संपतो. वास्तविक तो तेथे सुरू होतो. या महाविद्यालयाचा मी जुना विद्यार्थी आणि पत्नीचे माहेर धारवाडचे. तेव्हा मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग असलेल्या या अंकात हा विषय मांडावा असे वाटले.

प्रथम रोगाविषयी. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द आपल्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायामुळे ओळखीचा आहे. तेथील क्रम असा की क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश. वैद्यकातला स्मृतिभ्रंश याहून निराळा आहे. तो मेंदूच्या पेशी झडत गेल्याने होतो, आणि घरात क्रोध येतो तो त्याच्या नंतर, तोही बहुधा सांभाळणाऱ्याला. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने मात्र आपले फार नुकसान केले आहे. म्हातारपणी थोडे विसरायला होणे वेगळे आणि हा विकार वेगळा. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयाचे लक्षण असू शकते. चष्मा हातात घेऊन हे काय आहे असे विचारणे वयाचे लक्षण नव्हे. आमच्याकडे सुरुवात हिशेबापासून झाली. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवलेली बाई एका महिन्यात दूधवाल्याला दोनदा पैसे देऊन बसली. पहिल्या डॉक्टरांनी वयोमान म्हणून टॉनिक लिहून दिले. पुढे असीरगड मागे टाकून इंदूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा रोगाचे नाव कळले : अल्झायमर.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी शंका असेल तर एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खिन्नतेचा आजार, मेंदूवरील आवरणाखाली साचलेले रक्त अशा काही कारणांनीही असाच विसराळूपणा येतो आणि तो उपचाराने पुष्कळसा बरा होऊ शकतो. तेव्हा तपासणी करावी, घरबसल्या निदान करू नये. अल्झायमरवर मात्र रोग उलटवणारे औषध अद्याप नाही. नवी औषधे निघाली आहेत ती अगदी प्रारंभीच्या अवस्थेत रोगाची गती थोडी कमी करतात, इतकेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीवरून भारतात साठ वर्षांवरील दर शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले. या आकड्यामागे जवळजवळ तितकीच सांभाळणारी माणसे आहेत. त्यांची गणना त्यात नाही.

ती गणना कधीच नव्हती. ज्या रुग्णेवरून हा रोग जगाला कळला ती जर्मनीतील फ्रँकफर्टची आउगुस्टे डेटर. वय ५१. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. ही बायको अकारण त्याच्यावर संशय घेऊ लागली, हे पहिले लक्षण. मग स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू लपवून ठेवल्या जाऊ लागल्या. नोव्हेंबर १९०१ मध्ये त्याने तिला मनोरुग्णालयात आणले. तेथे डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे लिहून ठेवली. तुमचे नाव काय, तर आउगुस्टे. नवऱ्याचे नाव काय, तर तेही आउगुस्टे. स्वतःचे नाव लिहायला सांगितले तेव्हा ते तिला पुरे करता आले नाही, आणि आपणच आपल्याला हरवलो आहोत अशा अर्थाचे ती काहीसे बोलली. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली, त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील सभेत अल्झायमर यांनी तिच्या मेंदूविषयी निबंध वाचला आणि १९१० साली क्रेपेलिन यांनी रोगाला त्यांचे नाव दिले. तिच्या कागदपत्रांची फाइल हरवली होती, ती १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली. त्या फाइलमध्ये आउगुस्टेचे शब्द आहेत, डॉक्टरांची निरीक्षणे आहेत. नवऱ्याबद्दल कळते ते इतकेच की तो रेल्वेचा कारकून होता आणि रुग्णालयाचा खर्च त्याला झेपत नव्हता. ज्या बाईशी अठ्ठावीस वर्षे संसार केला तिने अकस्मात आपल्यावर संशय घ्यावा, याचे त्याला काय वाटले? राग आला असेल, लाज वाटली असेल, की दाराबाहेर पडल्यावर सुटल्यासारखे झाले असेल? ते कोणी विचारले नाही.

आता भाषेकडे वळतो, कारण आमच्या घरातला गुंता भाषेचाच आहे. रीबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली स्मृतीच्या विकारांवर पुस्तक लिहिले. त्यातला मुख्य सिद्धांत असा की स्मृती ढासळते तेव्हा नवे आधी जाते आणि जुने मागे राहते. भाषांच्या बाबतीतही पुष्कळदा असे होते, सर्वांच्या बाबतीत नव्हे. पत्नी लग्न होऊन १९७९ साली बुऱ्हाणपुरास आली. या शहरात हिंदी, उर्दू, निमाडी, मराठी, गुजराती, खानदेशी सगळे कानावर पडते. कन्नड मात्र आमच्या उंबरठ्याच्या आतही नव्हती. तिने मराठी इतकी आपलीशी केली की मुलांनाही कन्नड शिकवली नाही. पाच वर्षांपूर्वीपासून ही चाळीस वर्षांची मराठी तिच्या तोंडून उतरू लागली. आधी हिंदी गेली. मग मराठीतली नामे गेली, क्रियापदे काही काळ टिकली. आणि त्याच वेगाने खालून धारवाडची कन्नड वर येऊ लागली, आईशी बोलण्याची.

येथे एक संशोधन सांगण्यासारखे आहे. डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली असे दाखवले की, दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली. निरक्षरांतही हा फरक दिसला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हे. सीमाभागातल्या, दोन भाषांत वाढणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. मात्र दुसऱ्या भाषेने लक्षणे लांबवली तरी आल्यावर ती नवरा-बायकोच्या मधोमध येऊन बसते, त्याला उपाय संशोधनात सापडत नाही.

एकदा ती दोन दिवस 'ब्यानी, ब्यानी' म्हणत होती. घरकामाच्या बाईंना वाटले, बहिणीची आठवण काढतात. फोनवर मेहुणीने ऐकले आणि लगेच सांगितले की तिकडच्या कन्नडमध्ये ब्यानी म्हणजे दुखणे. दाढ किडली होती. त्या दिवसापासून मी वयाच्या बहात्तराव्या वर्षी कन्नड शिकतो आहे : नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे, निद्दि म्हणजे झोप. व्याकरणाच्या वाटेला जात नाही.

मेहुणी रोज रात्री आठला फोन करते. फोन कानाशी धरला की पत्नीचा चेहरा उजळतो. ती हसते, काहीतरी लांबलचक सांगते, पुन्हा हसते. मी समोर बसलेला असतो. दिवसभर माझ्याशी तीन शब्द न बोललेली ही बाई तिकडे भडाभडा बोलते, ते पाहून मला आनंद होतो. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, मत्सर वाटतो. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत 'असूया' आहे आणि 'हर्ष'ही आहे. वर्गात मी ते एकाखाली एक फळ्यावर लिहीत असे. येथे ते एकाखाली एक नाहीत, एकात एक आहेत. एकाने दुसऱ्याला दाबले असते तर काम सोपे होते. शबलतेत निदान आळीपाळी असते. भावसंधीत दोघेही ठाण मांडून बसतात.

भरताच्या यादीत 'अवहित्थ' नावाचाही एक भाव आहे, मनातले लपवण्याचा. सांभाळणाऱ्याचा दिवस याच भावात जातो. दारावर कोणी विचारले, 'काय सर, कसे काय?' की 'बरे चालले आहे.' संध्याकाळी चारनंतर अशा रुग्णांची बेचैनी वाढते. आमच्याकडे त्या वेळी 'मनिगे होगूणु' सुरू होते, म्हणजे घरी जाऊ या. हे घर तिनेच उभे केले. स्वयंपाकघराचा ओटा किती उंच असावा हेदेखील गवंड्याला तिने सांगितले होते. हेच तुझे घर, असे समजावून उपयोग होत नाही, कारण ती म्हणते ते घर पत्त्यावरचे नव्हे. 'ऊटा माडि होगूणु', जेवून जाऊ, असे म्हटले की ती शांत होते. जेवण होईपर्यंत निघायचे विसरलेली असते. पण चाळिसाव्यांदा ते वाक्य कानावर आले की मस्तकात संताप उसळतो. तो रोगावर असतो म्हणावे तर रोग समोर दिसत नाही, ती दिसते.

आणखी एक भाव आहे, तो शास्त्रकारांनी नोंदवलेला नाही. गेल्या वर्षी मुलगी पंधरा दिवस येऊन राहिली आणि तिने मला बळेच बेळगावला पाठवले. पहिल्या रात्री मी सात तास सलग झोपलो. सकाळी उठलो तेव्हा हलके वाटत होते. पाचव्या दिवसापर्यंत कोणी काही विचारत नाही म्हणून चुकल्यासारखे होऊ लागले, पण परतीचे तिकीट दोन दिवस अलीकडचे मिळत असतानाही मी ते घेतले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

याहून कठीण भाग आता येतो. ती माझ्याआधी जावी अशी माझी इच्छा आहे. माझ्यामागे तिला कोण पाहणार, ही त्यातली चिंता आहे. आता मला विश्रांती मिळावी, हाही त्यातला अंश आहे. आणि ती जाऊ नये ही इच्छा तितकीच बळकट आहे. आपल्या समाजाने पहिल्या इच्छेला शतकानुशतके मंगल वस्त्र नेसवले आहे. 'अखंड सौभाग्यवती भव' असा आशीर्वाद आपण हळदीकुंकवाला, लग्नाकार्यात सहज देतो. त्याचा सरळ अर्थ एवढाच की ही नवऱ्याआधी जावो. हजार वेळा ऐकलेला हा आशीर्वाद नवऱ्याच्या तोंडी इच्छा म्हणून आला की मात्र कानाला लागतो. माझ्या ओळखीतल्या, याच परिस्थितीतल्या दोन-तीन गृहस्थांशी बोललो. हे वाक्य कोणी आधी उच्चारले नाही. मी उच्चारल्यावर कोणी नाकारलेही नाही.

बुऱ्हाणपूर हे पत्नीवियोगासाठी इतिहासात प्रसिद्ध असलेले शहर आहे. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल येथे चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीच्या पलीकडे जैनाबादेतील आहुखान्याच्या बागेत तिचे दफन झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचे अवशेष आग्र्यास नेण्यात आले. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना आहुखाना दाखवण्याचे काम माझ्याकडे असे, आणि शहाजहानच्या शोकाचे वर्णन मी रंगवून करीत असे. आता तेथे उभा राहिलो की एवढेच जाणवते : त्या शोकाला तारीख होती. कोणत्या दिवसापासून रडायचे ते बादशहाला ठाऊक होते.

काव्यशास्त्राने हा भेद फार पूर्वी पाहिला आहे. करुण आणि विप्रलंभ दोन्हीत वियोग असतो, पण भरताच्या मते करुण हा निरपेक्ष आणि विप्रलंभ सापेक्ष. म्हणजे एकात भेटीची आशा उरलेली नसते, दुसऱ्यात असते. मेलेल्यासाठी करुण, दूर गेलेल्यासाठी विप्रलंभ. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने विप्रलंभाचा 'करुण' नावाचा एक प्रकारही मानला आहे : दोघांपैकी एक मृत आहे, तरी पुन्हा भेटण्याची आशा आहे. कादंबरीतील महाश्वेता आणि पुंडरीक यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. स्मृतिभ्रंशात याच्या नेमके उलट घडते. माणूस जिवंत आहे, शेजारच्या खाटेवर आहे, त्याचे श्वास ऐकू येतात, आणि भेटीची आशा मात्र नाही. हा करुण नव्हे, कारण आलंबन समोर आहे. विप्रलंभ नव्हे, कारण अपेक्षा संपली आहे. या पाचव्या खान्याला आपल्या शास्त्रात नाव नाही.

अमेरिकेतील पॉलिन बॉस या विदुषीने ते नाव दिले. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना हा प्रकार दिसला आणि १९९९ साली त्यावर त्यांचे पुस्तक आले. त्यांच्या संज्ञेला मराठीत 'संदिग्ध वियोग' म्हणता येईल. याचे दोन प्रकार : देह नाही पण मनाने माणूस घरातच आहे, जसा बेपत्ता सैनिक, आणि देह आहे पण मन नाही, जसा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण. अशा वियोगात शोकाला सुरुवात नसल्याने शेवटही नसतो, आणि परस्परविरोधी भावना ही सांभाळणाऱ्याच्या मनाची विकृती नसून परिस्थितीचाच तो परिणाम होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मला ते पटते. फक्त एक भर घालावीशी वाटते. 'मन नाही' हे म्हणणे पुरेसे खरे नाही. मन आहे; ते माझ्या ओळखीच्या गावातून उठून दुसऱ्या गावी गेले आहे आणि तेथली बोली मला येत नाही.

सगळीच नाती आधी निर्मळ होऊन मग शुश्रूषेला लागतात असेही नाही. जॉर्ज फर्नांडिस मंगळूरचे, कर्मभूमी मुंबई. या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना ते आपले. उत्तरायुष्यात त्यांना अल्झायमर झाला. पत्नी लैला कबीर आणि ते अनेक वर्षे वेगळे राहत होते. २०१० साली त्यांची देखभाल पत्नीने हाती घेतली, बंधूंनी हरकत घेतली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २९ जानेवारी २०१९ रोजी जॉर्ज वारले. त्या बाईंच्या मनात काय होते याचा तर्क करण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण ज्याच्याशी दुरावा आला होता त्याची शुश्रूषा करता येते, एवढे त्यावरून दिसते. आजारी पडण्यापूर्वी कोणाच्या हाती आपले निर्णय असावेत हे लिहून ठेवण्याची सोय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने केली आहे. तिचा उपयोग फार थोडे लोक करतात.

मग सांभाळणाऱ्याचा भार कशाने हलका होतो? १९८० साली झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ सांभाळणाऱ्यांची पाहणी केली. अपेक्षा अशी की रुग्णाचे वागणे जितके बिघडलेले, तितका भार जास्त. निष्कर्ष तसा निघाला नाही. भाराचा संबंध रुग्णाच्या वागण्याशी दिसला नाही. घरातली इतर माणसे रुग्णाला किती वेळा भेटायला येतात, याच्याशी तो दिसला. पाहणी लहान आहे, हे खरे. पण माझ्या घराच्या अनुभवाशी ती जुळते. आमच्याकडे पहिल्या वर्षी माणसांची रीघ होती, तिसऱ्या वर्षी दिवाळीपुरती उरली. लोक निर्दय नसतात. काय बोलावे ते त्यांना सुचत नाही.

विद्यार्थी मित्रांना त्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. अशा घरी गेल्यावर 'मला ओळखलंत का?' असे विचारू नये. ती परीक्षा आहे आणि रुग्ण तीत नापास होणार हे विचारणाऱ्याला ठाऊक असते. आपले नाव आपणच सांगावे आणि शेजारी बसून शेंगा सोलाव्यात, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. हातांना पुष्कळ काळ आठवते. दुसरे, सांभाळणाऱ्याला उपदेश करण्याऐवजी दोन तास द्यावेत.

पत्नी मलाही अलीकडे ओळखतेच असे नाही. 'नीवु यार्री?' असे विचारते, आपण कोण? धारवाडकडे हा 'री' आदराचा; कोणालाही लावतात. बायका नवऱ्याला हाक मारतात तीही 'री' म्हणूनच, आपल्या 'अहो'सारखी. पाहुण्याला विचारते आहे की मला, हे त्या एका अक्षरावरून कळायला मार्ग नाही. मी दर वेळी माझे नाव सांगतो.

दर गुरुवारी दुपारी माझा एक जुना विद्यार्थी येतो. केळीच्या व्यापारात आहे, काव्यशास्त्रात दोनदा नापास झाला होता. तो तिच्याशी निमाडीत बोलतो, ती त्याच्याशी कन्नडमध्ये, आणि दोघांचे उत्तम जमते. तेवढ्या वेळात मी बँकेचे काम, औषधे, दाढी उरकतो. वेळ उरला तर राजघाटावर तापीकाठी बसतो. येताना पाव किलो मावाजिलेबी आणतो. साखर तपासून झाली आहे, डॉक्टरांची हरकत नाही.